विश्लेषण : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घरच्या घरी बदलता येतो का? स्वस्तातला ‘डबा’ महाग का पडतो?

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. चढावर पिकअप मिळत नाही, अ‍ॅव्हरेज घसरते. गॅरेजमधला मिस्त्री खाली वाकून सायलेन्सरवर पान्याने दोन टोले मारतो आणि निदान सांगतो, ‘‘जाळी चोक झाली. काढून टाकू, गाडी मोकळी पळेल.’’ मंठ्यापासून जालन्यापर्यंत आणि तिकडे जिंतूर-परभणीपर्यंत गाडी चालवणाऱ्या अनेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. आता त्यात दुसऱ्या पर्यायाची भर पडली आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा, ऑनलाइन स्वस्तातला कन्व्हर्टर मागवायचा आणि रविवारी अंगणात जॅक लावून तो स्वतःच बसवायचा. हे जमते का, कायदा काय म्हणतो आणि मुळात त्या डब्यात असते काय, याचा हा आढावा.

या डब्यात नेमके असते काय?

बाहेरून पाहिले तर पोलादी पत्र्याचे फुगीर नळकांडे. इंजिन आणि मागचा सायलेन्सर यांच्या मधे बसवलेले. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट असते. मिस्त्री ‘जाळी’ म्हणतात ती हीच. छिद्रांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिना आणि सेरियम ऑक्साइडचा खरखरीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. एका मोटारीत हे मौल्यवान धातू एकूण साधारण दोन ते सहा ग्रॅम. सगळा खेळ या चिमूटभर धातूचा आहे.

इंजिनातून निघणाऱ्या धुरात तीन गोष्टी घातक असतात. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले इंधन म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या पृष्ठभागावर पहिल्या दोघांचे ज्वलन पूर्ण होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ऱ्होडियम तिसऱ्याचे विघटन करून साधा नायट्रोजन मोकळा करतो. धातू स्वतः खर्ची पडत नाही, तो फक्त प्रक्रिया घडवून आणतो. तिन्ही वायूंवर एकाच वेळी काम होते म्हणून याला ‘थ्री-वे’ म्हणतात. चांगल्या स्थितीतला, नीट तापलेला कन्व्हर्टर या तिन्हींपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा करतो.

‘नीट तापलेला’ हा शब्द इथे महत्त्वाचा. अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसच्या खाली या धातूंना जाग येत नाही. सकाळी गाडी सुरू करून गल्लीतल्या गल्लीत दोन फेऱ्या मारणाऱ्याचा कन्व्हर्टर जवळपास झोपेतच असतो. दुसरी अट मिश्रणाची. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या आसपासच तिन्ही कामे एकत्र होतात. म्हणून कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो. तो संगणकाला सतत खबर देतो आणि संगणक इंधनाची फवारणी कमी-जास्त करतो. नव्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या मागेही एक सेन्सर असतो. त्याचे काम कन्व्हर्टरवर पहारा देण्याचे.

भारतात हा आला कधी?

कल्पना जुनी आहे. मूळचे फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. पण पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याच्या काळात त्याचा उपयोग नव्हता, कारण शिसे या धातूंच्या पृष्ठभागावर बसले की ते कायमचे निकामी होतात. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून तो सर्रास बसू लागला. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि त्याच वेळी तिथल्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल आले. देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये हद्दपार झाले. एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ देशभर लागू झाले. बीएस-६ इंधनात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांवर आणले गेले, तेही बरेचसे या डब्यासारख्या उपकरणांचे आयुष्य वाढावे म्हणूनच.

मग तो ‘चोरीचा माल’ कसा झाला?

ऱ्होडियमचा आंतरराष्ट्रीय भाव २०२१ च्या पूर्वार्धात एका औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता, सोन्याच्या कितीतरी पट. त्याच सुमारास पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई परिसर आणि शेजारच्या गुजरातेत अहमदाबाद इथल्या पोलीस ठाण्यांत एक चमत्कारिक तक्रार वारंवार नोंदवली जाऊ लागली. गाडी जागेवर, सायलेन्सर गायब. बहुतेक गाड्या मारुती सुझुकी इको. या गाडीखाली शिरायला जागा मिळते, सायलेन्सर नटबोल्टवर असतो आणि पाना चालवायची सवय असलेल्याला तो काढायला काही मिनिटे पुरतात. चोरांना सायलेन्सर नको असतो. आतली वीट फोडून तिची भुकटी, बाजाराच्या भाषेत ‘माती’, विकली जाते. काही टोळ्या तर कन्व्हर्टर रिकामा करून तोच डबा पुन्हा जागेवर बसवत असल्याचे तपासात समोर आले होते. मालकाला पत्ता लागतो तो आवाज बदलल्यावर किंवा दिवा पेटल्यावर.

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावाशी याचा संबंध दोन बाजूंनी येतो. शाळेची मुले, दुधाचे कॅन, लग्नाचे वऱ्हाड, आजारी माणूस, असे सगळे वाहून नेणारी गाडी ग्रामीण भागात अनेकदा इकोच असते. आणि पुण्या-मुंबईत पाच-सात वर्षे चाललेल्या मोटारी जुन्या बाजारातून मराठवाड्यात येतात. त्या गाडीखालचा डबा भरलेला आहे की रिकामा, हे विकत घेताना कोणी पाहत नाही. रंग, टायर, किलोमीटर आणि एसी पाहिला जातो. जुनी गाडी घेणाऱ्याने मागच्या सेन्सरची तार नीट जोडलेली आहे ना, डब्यावर वेल्डिंगची ताजी शिवण नाही ना, एवढे तरी खाली वाकून पाहावे.

डबा बिघडला म्हणजे बिघडले काय?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कन्व्हर्टरमध्ये हलणारा एकही भाग नाही. तो सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला मारले जाते. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल बिघडून एक सिलिंडर ‘मिस’ मारू लागला की न जळालेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते. तापमान इतके वाढते की आतली वीट वितळून गोळा होते आणि धुराची वाट बंद होते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त लेपावर बसते. हेड गास्केट गळून कूलंट सिलिंडरात जात असेल तरी तेच. रस्त्यावरच्या दगडाचा किंवा गतिरोधकाचा दणका बसला तर वीट तडकते आणि आत खुळखुळ्यासारखा आवाज येतो.

यातले मूळ कारण दुरुस्त न करता नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे गळक्या टाकीत टँकर ओतणे. काही महिन्यांत नवाही जळतो आणि मग ‘कंपनीचा घेतला तरी टिकला नाही’ अशी तक्रार होते.

मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा ओबीडी स्कॅनर आज बऱ्याच घरगुती मेकॅनिकांकडे दिसतो. पिवळा दिवा लागल्यावर त्यावर ‘पी०४२०’ हा संकेत आला की लोक लगेच कन्व्हर्टर शोधू लागतात. त्या संकेताचा अर्थ एवढाच, की कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेल्याचे संगणकाला वाटते आहे. सायलेन्सरच्या जोडात बारीक गळती असली, मागचा सेन्सर थकलेला असला तरी तोच संकेत येऊ शकतो. म्हणून आधी जोड तपासावेत. त्यानंतर स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचा आलेख पाहावा. गरम इंजिनावर मागच्या सेन्सरची रेघ बऱ्यापैकी स्थिर असेल तर डबा अजून जिवंत आहे. तीच रेघ पुढच्या सेन्सरसारखी वरखाली नाचत असेल तर लेपाची ऑक्सिजन साठवण्याची ताकद संपली. त्याच स्कॅनरवर ‘मिसफायर’चे संकेत असतील तर कन्व्हर्टरचा विचार तूर्त बाजूला ठेवून प्लग आणि कॉइलकडे वळावे.

पेट्रोलमध्ये ओतायच्या ‘क्लीनर’च्या बाटल्यांबद्दल एक वाक्य पुरे. वितळलेली वीट बाटलीने उघडत नाही आणि झडलेला लेप परत येत नाही.

बाजारात मिळते ते काय आहे?

चार प्रकारचा माल दिसतो. पहिला, कंपनीचा मूळ भाग. तो अनेक गाड्यांच्या बाबतीत पाच आकडी किमतीचा असतो आणि लहान गावात तो मागवावा लागतो. दुसरा, नामांकित उत्पादकाने त्या मॉडेलसाठी बनवलेला पर्यायी भाग. तिसरा, मॉडेलचे नाव नसलेला, ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असे सांगून विकला जाणारा सार्वत्रिक डबा. चौथा म्हणजे नुसते नळकांडे. बाहेरून कन्व्हर्टर, आत पोकळी किंवा साधी जाळी.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातला फरक बाहेरून दिसत नाही, हीच खरी अडचण. पण एक साधा हिशेब कोणालाही करता येतो. प्लॅटिनम गटातल्या धातूंचा भाव ग्रॅमला हजारो रुपयांत आहे. वीट, लेप, पोलादी कवच, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा धरूनही एखादा ‘कन्व्हर्टर’ दीड-दोन हजारांत मिळत असेल, तर त्यात धातू किती असणार? थोडा लेप असलेले स्वस्त डबे सुरुवातीचे काही दिवस दिवा विझवून ठेवतात. लेपातला धातू कमी असल्याने पृष्ठभाग लवकर थकतो आणि दिवा परत येतो. तोवर विकणारा फोन उचलत नाही.

यावर बाजाराने काढलेला तोडगा आणखी वाईट आहे. मागच्या सेन्सरला एक छोटी नळी लावून तो धुरापासून दूर ठेवायचा, म्हणजे संगणकाला सगळे आलबेल वाटते. दिवा विझतो, विष चालूच राहते. पैसे देऊन आपल्याच गाडीचा पहारेकरी झोपवण्याचा हा प्रकार.

जुना पण मूळ कंपनीचा कन्व्हर्टर अर्ध्या किमतीत मिळतोय, हा प्रस्तावही तपासून घ्यावा. तो कोणाच्या तरी गाडीखालून काढलेला असू शकतो. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसा संशय यायला पुरेसे कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल न देणारा विक्रेता हे असे एक कारण समजायला हरकत नाही.

घरी बसवता येतो का?

येतो, पण सगळ्यांना नाही आणि सगळ्या गाड्यांचा नाही. ज्या गाड्यांत कन्व्हर्टर दोन फ्लँजमध्ये नटबोल्टवर बसतो आणि त्या मॉडेलसाठीच बनवलेला भाग हाती आहे, तिथे पाने, जॅक आणि संयम असलेल्या माणसाला हे काम जमण्यासारखे आहे. ज्यात कन्व्हर्टर इंजिनाच्या मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, किंवा जिथे जुना पाइप कापून नवा वेल्ड करावा लागतो, तिथे हा नाद सोडावा. बीएस-६ डिझेल गाड्यांत तर कण अडवणारा फिल्टर आणि दाब, तापमान मोजणारे सेन्सर असा सगळा संसार असतो. बदलल्यानंतर संगणकाला त्याची नोंद द्यावी लागते. ते अंगणातले काम नव्हे.

पेट्रोल गाडीचे काम करायचेच ठरवले, तर सगळ्यात मोठा धोका कन्व्हर्टरचा नसून जॅकचा आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. दोन मजबूत स्टँड लावल्याशिवाय आणि मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे दिल्याशिवाय काम सुरू करू नये. मंठा परिसरातली काळी जमीन वरून कडक दिसली तरी ओल असताना जॅक हळूच आत घेते. सिमेंटचा कोबा नसेल तर स्टँडखाली जाड फळी हवीच, आणि पावसाळ्यात तर हे काम मातीवर करूच नये.

गाडी पूर्ण थंड झालेली असावी. प्रवासानंतर कन्व्हर्टर कित्येक तास नाही तरी बराच वेळ हात भाजण्याइतका गरम असतो. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच टाकावे, सकाळी घाईने जोर लावला की स्टड तुटतो आणि मग ड्रिलवाल्याकडे जावे लागते. ऑक्सिजन सेन्सर आधी काढावा. त्यासाठी बहुतेक गाड्यांना २२ मिलिमीटरचा, तारेसाठी फट असलेला सॉकेट लागतो. साध्या पान्याने कडा गेल्या की सेन्सरचाही खर्च वाढतो. सेन्सरच्या टोकाला ग्रीस, तेल, हाताचा मळ लागू देऊ नये.

नव्या डब्यावर बाण असेल तर तो धुराच्या दिशेने, म्हणजे इंजिनाकडून मागे असा असला पाहिजे. पॅकिंग दरवेळी नवेच घ्यावे. गळती थांबवायला सिलिकॉनचा चिकटा थापण्याची सवय गॅरेजांतही आहे. पण सिलिकॉनची वाफ सेन्सर आणि लेप दोघांनाही निकामी करते. रबरी हँगर फाटलेले असतील तर तेही बदलावेत, नाहीतर सगळे वजन फ्लँजवर येते. आणि उष्णतेपासून बचाव करणारा पत्रा, जो ‘खडखडतो’ म्हणून काढून फेकला जातो, तो परत लावावाच.

शेवटी बंद शेडमध्ये नव्हे, उघड्यावर इंजिन सुरू करून सगळे जोड तपासावेत. ‘फट्-फट्’ असा आवाज किंवा जोडाजवळ धुराची काळी रेघ म्हणजे गळती. नव्या डब्यातून पहिल्यांदा थोडा धूर आणि जळका वास येऊ शकतो, आतली चटई तापून बसत असते. तो पहिल्या काही फेऱ्यांत जायला हवा.

गळतीचे एवढे भय कशाला?

कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. इकोसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखालीच असते आणि पाइप बैठकीखालून मागे जातो. जोड सैल राहिला, फरशीला गंजाचे भोक असले आणि थंडीत काचा बंद असल्या तर हा वायू आत साचू शकतो. चालकाला सुरुवातीला फक्त डोके जड वाटते. मागे बसलेली लहान मुले पेंगायला लागतात आणि ‘शाळेत दमली असतील’ असे वाटून जाते. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकलेल्या गाडीत हा धोका दुहेरी असतो, कारण गळणाऱ्या धुरातले विषही कमी झालेले नसते. शाळेच्या गाडीच्या बाबतीत पालकांनी एसी आणि सीट कव्हरआधी हा प्रश्न विचारावा.

दुसरा धोका ऋतूप्रमाणे येतो. सोयाबीनच्या मळणीनंतर खळ्याच्या कडेला काड पसरलेले असते, कापूस संपल्यावर बांधावर पऱ्हाट्या पडलेल्या असतात. लांबून आलेली गाडी त्यावर उभी केली आणि उष्णतारोधक पत्रा जागेवर नसला, तर तापलेल्या डब्याने खालचे वाळके गवत पेट घेऊ शकते. मिसफायर होत असलेल्या गाडीत डबा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

कायदा काय म्हणतो?

त्याच मॉडेलचा, मूळ क्षमतेचा भाग बदलणे हा गुन्हा नाही. स्वतःच्या अंगणात स्वतःच्या गाडीचा भाग बदलायलाही कोणतीही मनाई नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा उपकरण काढून टाकले जाते किंवा नावापुरता रिकामा डबा लावला जातो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली होती. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. हवेच्या प्रदूषणाचे मानक मोडल्यास कलम १९० (२) खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना निलंबित अशी कमाल शिक्षा आहे.

सायलेन्सर चोरीला गेला असेल तर पहिले काम पोलीस ठाण्यात तक्रार. सर्वसमावेशक विमा असेल तर त्या नोंदीच्या आधारे दावा करता येतो. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर खर्च खिशातूनच.

पण पीयूसी तर मिळते ना?

मिळते, आणि दुखणे तिथेच आहे. पीयूसी केंद्रात पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजला जातो. बीएस-४ आणि त्यापुढच्या चारचाकीला उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, शिवाय वाढवलेल्या वेगावर आणखी एक चाचणी. ही चाचणी प्रामाणिकपणे झाली तर मेलेला कन्व्हर्टर बऱ्याचदा उघडा पडेल. पण नायट्रोजनची ऑक्साइडे या चाचणीत मोजलीच जात नाहीत. त्यामुळे ऱ्होडियम नसलेला स्वस्त डबा इथून सहज निसटू शकतो. उन्हाळ्यात जमिनीलगतचा ओझोन तयार करणारा आणि दम्याच्या रुग्णांना त्रास देणारा वायू नेमका हाच. आणि नळी सायलेन्सरमध्ये नीट घातली की नाही, यावर प्रमाणपत्राचा अर्थ ठरत असेल तर पुढे बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

‘एका गाडीने काय होते’ हा युक्तिवाद जालना जिल्ह्यात तरी करू नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत जालन्याचे नाव आहे. तिथे मुख्य चर्चा धुळीची आणि कारखान्यांच्या धुराची असते, आणि ती रास्तही आहे. पण पोलाद कारखाना हलवणे सामान्य माणसाच्या हातात नाही, गाडीखालचा डबा आहे.

इतरत्र काय करतात?

अमेरिकेत पर्यायी कन्व्हर्टर विकण्याचे नियम १९८६ पासून आहेत. चालू स्थितीतला कन्व्हर्टर काढणे तिथे बेकायदा आहे, बदलला तर का बदलला याची लेखी नोंद ठेवावी लागते आणि गॅरेजला जुना डबा १५ दिवस जपून ठेवावा लागतो. कॅलिफोर्निया त्याहून कडक. तिथे मंजुरीचा क्रमांक डब्यावरच कोरलेला असतो आणि तो त्या मॉडेलशी जुळला नाही तर गाडी तपासणीत नापास. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा क्रमांक शोधण्याचा अनुभव जुनी गाडी घेताना येतो. युरोपात मंजूर भागावर ‘ई’ हे चिन्ह असते.

आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी १९६६ पासून काम करणारी वाहन चाचणी संस्था आहे. तपासण्याची क्षमता नाही असे म्हणता येणार नाही. कमी आहे ती तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचणाऱ्या खुणेची. मंठ्यातल्या गिऱ्हाइकाने डब्यावरचा क्रमांक मोबाइलवर टाकला आणि हा भाग कोणत्या मॉडेलसाठी मंजूर आहे हे त्याला दिसले, तर निम्मी फसवणूक तिथेच थांबेल. पीयूसी केंद्रावर गाडीखाली आरसा धरून डबा जागेवर आहे का, मागचा सेन्सर जोडलेला आहे का एवढे पाहणे आणि ओबीडीच्या सॉकेटमधून संकेत वाचणे यालाही मोठा खर्च नाही. परिवहन खात्याने हेल्मेट आणि काळ्या काचांइतकेच लक्ष इथे दिले तर मालकांवर दंड लावण्याआधी रिकामे डबे विकणाऱ्यांपर्यंत पोहोचता येईल. सध्या कायद्याचा सगळा भार त्याच्यावर आहे, ज्याला आपण फसलो हेच ठाऊक नसते.

जुन्या डब्याचे काय करायचे?

भाग बदलून झाला की गॅरेजवाला सहज म्हणतो, ‘‘जुना इथेच राहू द्या, भंगार आहे.’’ ते भंगार नसते. लेप झडलेल्या, चोक झालेल्या कन्व्हर्टरमध्येही मौल्यवान धातूचा बराचसा भाग शिल्लक असतो आणि तो गाळून परत काढता येतो. पोलादाच्या भट्ट्यांमुळे जालन्यात भंगाराचा मोठा व्यापार आहे, पण किलोच्या भावाने पोलादाच्या ढिगात गेलेला डबा म्हणजे त्यातल्या धातूचेही नुकसान आणि मालकाचेही. जुना डबा मागून घ्यावा, त्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढावा, नव्याचे बिल त्याच्यासोबत जपावे. विकायचाच असेल तर गाडीच्या क्रमांकासह पावती घेऊन विकावा. चोरीच्या तपासात पोलीस दुकानापर्यंत आले तर हीच पावती कामाला येते. मात्र आत काय आहे ते पाहण्याच्या उत्सुकतेने घरी ग्राइंडर लावून तो कापू नये. विटेभोवतीच्या चटईचे तंतू आणि लेपाची भुकटी फुप्फुसाला अपायकारक असते, आणि तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही.